काळमण्यापुढचा शेरा

"मावशी, शेवटचं सांगतो. काळमणी विषारी आहे. पुस्तकात छापलंय." छोट्या साहेबांनी पुस्तक टेबलावर आपटलं.

मावशी जागची हलली नाही. तीस वर्षं ती जंगल खात्याच्या माणसांना रानातून फिरवत होती. असे कितीतरी साहेब तिने आदळआपट करताना पाहिले होते.

"हरणं खातात," ती म्हणाली. "डुकरंही खातात."

सकाळपासून हे चौथ्यांदा. छोटे साहेब अगदी कावले होते. ओढ्यापलीकडचं रान तोडून तिथे इमारती लाकडाची झाडं लावायचं ठरलं होतं. ज्यांच्या फळांवर हरणं आणि रानडुकरं जगतात ती झाडं ठेवायची, बाकीची तोडायची. प्रत्येक जातीपुढे 'ठेवावे' किंवा 'तोडावे' लिहायचं, आणि त्यापुढे कारण. यादी संध्याकाळपर्यंत फाटकावरच्या फळ्यावर लागायला हवी होती, कारण उद्या सकाळी करवतवाले येणार होते. बावीस जाती मार्गी लागल्या. तेविसावीने मात्र नाकी नऊ आणले होते. ओढ्याकाठी काळमण्याची शे-सव्वाशे झाडं होती आणि ऐन उन्हाळ्यात ती काळ्या, मण्याएवढ्या फळांनी लगडली होती.

बरं, साहेबांनी अंगचोरपणा केला असंही नाही. तीनदा उन्हातान्हात जाऊन आले. झाडाखाली ना खूर उमटलेला, ना अर्धवट खाल्लेलं फळ. नुसता उतरता कातळ, झाडून काढल्यासारखा स्वच्छ.

"स्वच्छ आहे म्हणजेच खाल्लंय ना!" मावशी म्हणायची.

"उतार आहे. फळं गडगडत ओढ्यात जातात," साहेब म्हणायचे.

काल तर तिने डुकराची विष्ठा पानात गुंडाळून आणली आणि थेट टेबलावर, त्यांच्या चहाशेजारी ठेवली. आतल्या बियांचा चावून चावून भुगा झालेला. त्यातून काय कपाळ ओळखायचं? चहा मात्र गेला.

आणि पुस्तक काही ऐरंगैरं नव्हतं. त्यांच्या सरांचं होतं, याच रानावर लिहिलेलं. छोटे साहेब त्यावरच शिकले, त्यावरच परीक्षा पास झाले. सर गेले तेव्हा ते लहान मुलासारखे रडले होते. पान एकशे बारा त्यांना तोंडपाठ होतं: 'काळमणी. फळ विषारी. हरीण, डुक्कर, पक्षी, कोणीही तोंड लावत नाही.' आणि ही बाई म्हणे हे चूक!

मावशीने कमरेच्या फडक्याची गाठ सोडली. ओंजळभर काळमणी टेबलावर घरंगळले. तिने एक तोंडात टाकला. मग दुसरा.

"अहो, थुंका! आधी थुंका!" साहेब उठले तशी खुर्ची मागे पडली.

"मरायचीच असते तर पाच वर्षांची असताना मेले असते." तिने बी तळहातावर काढून ठेवली. जीभ निळी झाली होती.

साहेब घड्याळाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाई ठणठणीत. उलट साहेबांचाच चेहरा लाल झाला.

"म्हणजे माझे सर खोटारडे? प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ लिहिलंय, या रानातल्या सगळ्यात जाणत्या वाटाड्याबरोबर तीन महिने हिंडलो, त्याच्या तोंडून झाडन्‌झाड टिपून घेतलं. कुठाय तो वाटाड्या? आणा त्याला माझ्यासमोर! विचारतोच, माझ्या सरांशी खोटं का बोललास म्हणून!"

मावशीने पहिल्यांदाच मान खाली घातली.

"तो नाही साहेब. मीच होते."

साहेबांनी पुस्तक ओढून प्रस्तावनेचं पान उघडलं.

"वीस-बावीस वर्षं झाली. काळमण्याला बाजारात भाव आला होता. टोपल्या भरभरून न्यायचे लोक. या दिवसांत रानात दुसरं काही पिकत नाही. हरणांची नुसती हाडं दिसायला लागली होती. तुमच्या सरांनी विचारलं, मी सांगून टाकलं, विषारी आहे. त्यांनी छापलं. बाजारात कोणी घ्यायला धजेना, लोक यायचे बंद झाले. तेव्हा ज्या ओळीने झाडं वाचवली, त्याच ओळीने उद्या ती तुटणार. आता खरं सांगतेय, तर कोणी ऐकत नाही."

साहेबांनी पडलेली खुर्ची उचलली आणि तिच्यावर मटकन बसले. त्यांना मावशीचा राग आला, भोळ्या सरांचा आला, आणि तीनदा कातळ बघून आलेल्या स्वतःचाही आला. शेवटी त्यांनी यादी पुढे ओढली.

"ठीक आहे. मग खरं तेच लिहितो. 'हरणा-डुकरांचं खाद्य. ठेवावे.'"

"लिहा," मावशी म्हणाली. "उद्या फळ्यावर वाचतील आणि परवा टोपल्या घेऊन येतील."

पेन कागदावर टेकायच्या आत थांबलं. दाराबाहेर कारकून यादीसाठी ताटकळत होता. त्याने दोनदा खाकरून पाहिलं. साहेबांनी आजवर पुस्तकाबाहेरचा एक शब्द सरकारी कागदावर लिहिला नव्हता. त्यांनी पान एकशे बारा पुन्हा एकदा वाचलं आणि सरांचं पुस्तक मिटून ठेवलं.

मग तेविसाव्या ओळीत त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'काळमणी. फळ जहाल विषारी. करवत लावल्यास चीक उडून डोळे जातात. आहे तिथेच ठेवावे.' खाली सही केली, कारकुनाला हाक मारली, आणि तो आत यायच्या आत टेबलावरचा एक काळमणी उचलून तोंडात टाकला.