खटका

मागच्या दाराने ये असं बजावूनही इसोगाई पुढच्याच दाराने आत आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, सत्तरी ओलांडलेली वाकलेली पाठ. त्याने मान लववून नमस्कार केला. तेत्सुरोने तो घेतला नाही.

“ते तिकडे आहे. हात चालव, तोंड नको.”

मंगळवार असल्याने ओसाकाच्या शिनसेकाईतलं कुवाता गेम सेंटर बंद होतं. शेजारच्या कुशिकात्सूच्या दुकानातला तळणाचा वास शटरखालून आत शिरत होता. कोपऱ्यातल्या यंत्राचा पडदा काळा पडला होता. फुगीर काचेच्या रंगीत नळीचं जुनं यंत्र. तेत्सुरोचा बाप गेंजी याने दुकान उघडलं तेव्हा पहिलं आणलं ते हेच. याच्यावर खेळून मोठी झालेली माणसं अजून लांबून यायची. कारागीर येऊन गेले, सगळ्यांचा सल्ला एकच: नळी फेका, चपटा पडदा बसवा. तेत्सुरो ऐकेना. पण असली नळी दुरुस्त करणारा एकच हात आसपास उरला होता. ज्या हाताने गेंजीचा जीव घेतला, तोच.

ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. गेंजी याच यंत्राच्या पोटात हात घालून बसला होता आणि त्याचा दोस्त, जोडीचा कारागीर इसोगाई याने न बघता वीज चालू केली. पोलिसांपुढे त्याने स्वतःच तसं सांगितलं. तेत्सुरो तेव्हा लहान, बापामागे दुकानभर लुडबुडणारा. पुढे दरवर्षी पितरांच्या दिवसांत इसोगाई फुलं घेऊन दारात उभा राहायचा आणि तेत्सुरोची आई सुमिए त्याला आत बोलवायची. मिसरूड फुटल्यावर तेत्सुरोने ती फुलं गटारात टाकली. आई रडली, पण इसोगाईविरुद्ध मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. नवऱ्याच्या मारेकऱ्याची बाजू घेते म्हणून तेत्सुरोने तिलाही कधी माफ केलं नाही.

इसोगाईने मागची फळी काढली, धूळ फुंकली. आतूनच विचारलं, “चित्र जाण्याआधी लाल रंग फाटत होता का?”

“तुला काय करायचंय?”

“आजाऱ्याचं घरच्यांना विचारावंच लागतं बाबा.”

“माझ्या बापाला विचारलं होतंस?”

इसोगाईने उठून वीज बंद केली. जमिनीला तार जोडलेला पेचकस नळीवरच्या रबरी टोपीखाली सारला. टच्च आवाज झाला. नळीत साठलेली वीज उतरली. मग तो आतली विजेची पट्टी तारांसकट पुढे ओढून तिचे डाखाचे टाके बघत बसला. त्याचं डोकं यंत्रामागे, पाठ तेत्सुरोकडे.

तेत्सुरो चालत खांबापाशी गेला. या एका यंत्राचा खटका खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. मोठ्या माणसाला त्यासाठी वाकावं लागे. तो वाकला. त्याने खटका दाबला.

पडदा काळाच राहिला. पण आतून एक बारीक सूर उठला. डास गुणगुणावा तसा. नळीत वीज चढली की तो उठतोच. तेत्सुरोला तो जेमतेम ऐकू आला. इसोगाईच्या कानांना तो केव्हाच सोडून गेला होता.

“बंदच आहे ना रे?” इसोगाईने न वळता विचारलं. “टोपी काढतोय.”

“बंद आहे,” तेत्सुरो म्हणाला.

म्हाताऱ्याने हात आत घातला. सुरकुतलेली, डागाळलेली बोटं त्या टोपीकडे निघाली. बोटं अगदी जवळ गेली.

“काका! हात काढा!” तेत्सुरो ओरडला.

इसोगाईचा हात झटक्याने मागे आला. तो उठला, खांबाजवळ आला, चालू खटक्याकडे पाहिलं. मग तेत्सुरोकडे. काही न बोलता त्याने खटका बंद केला, परत यंत्रामागे जाऊन नळीतली वीज पुन्हा उतरवली आणि काम पुढे चालू केलं. तेत्सुरो जमिनीवर बसून राहिला.

दुपार कलली तेव्हा पडदा उजळला. आधी लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन वेगवेगळ्या रेघा थरथरत होत्या. इसोगाई नळीच्या मानेवरची कडी केसभर सरकवत गेला तसतशा त्या एकमेकींवर बसल्या आणि लख्ख पांढरी रेघ झाली. खेळ जागा झाला. इसोगाईने हत्यारं पिशवीत भरली.

“जाऊन सांग पोलिसांना,” तेत्सुरो म्हणाला.

“एकदा सांगितलंय. परत नाही सांगायचं मला.”

त्या शांतपणानेच तेत्सुरो भडकला. “उपकार करतोयस? अरे, मी निदान ओरडलो! माझ्या बापाच्या वेळी तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुझ्यात नि माझ्यात एवढा फरक आहे. लक्षात ठेव!”

इसोगाई दारात थांबला.

“सुमिएला शब्द दिला होता मी. आज मोडतो,” तो म्हणाला. “मला ओरडायला वेळच मिळाला नाही रे. मी पाठमोरा होतो. त्या दिवशीही खटका तूच दाबला होतास, तेत्सु. चित्र दिसावं म्हणून.”