अकरा मडकी
नेत्रेस्क या जाड पानांच्या औषधी वनस्पतीचं रोप देणाऱ्याचे आभार मानले तर ते रुजत नाही, असं आमच्या डोंगरात मानतात. शेजारची पोलोना दर उन्हाळ्यात पडेल चेहऱ्यानं कुंपणाशी यायची. “तेही मेलं रे, गाश्पर. तोंडातून आभार निघून गेले.” “सत्तरी उलटली तरी जिभेला हाड नाही तुझ्या,” मी दटावायचो आणि छपरावरच्या रोपाचं पिल्लू तिच्या हातावर ठेवायचो. दुखऱ्या कानात त्याच्या पानाचा रस पिळायला ते घरी लागतंच. “आत ये, बस जरा,” असं मात्र कधी म्हणालो नाही; मला एकटं राहायची सवय. परवा पोलोनाला मूठमाती दिली. आज तिच्या कोंबड्यांना दाणे टाकायला पहिल्यांदाच परसात शिरलो. भिंतीवर अकरा मडकी, प्रत्येकात तरारलेलं नेत्रेस्क, काहींना गुलाबी फुलं. एक उचललं, तिच्या बंद दारापुढे मोठ्यानं आभार मानले, आणि कुणीतरी दटावेल म्हणून थांबलो.