अख्खं सभागृह उभं राहिलं

पियानोवर शोपाँ सुरू झाला तसे पहिल्या रांगेतले संगीत मंडळाचे अध्यक्ष घोरू लागले. त्यातल्या त्यात बरं म्हणजे, तालात घोरत होते.

पडद्याआडून वाजवणारीचा नवरा हे बघत होता. पत्रिकेवर त्याचं पद 'व्यवस्थापक' असं छापायचे; खरं पद हमाल. बायको पियानो कुठलाही वाजवायची, पण बसायची मात्र स्वतःच्याच स्टुलावर. ते लोखंडी धूड गावोगाव वाहून त्याच्या कमरेचा भुगा झाला होता. आज बाखला जांभया आल्या होत्या, मोझार्टला खोकल्याची साथ. वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे नुसती घरची उशी दिसत होती.

सकाळीच लॉजवर दोघांची जुंपली होती.

"अगं, पुरे आता. तुझी बोटं सुजलीत, माझी कंबर गेली. लोक येतात ते झोपायला. झोपायला आपल्यालाही घर आहे."

"आज दाद द्यायला कोणी उभं राहिलं नाही तर थांबते. कायमची. आणि राहिलं तर?"

"तर हे स्टूल मरेपर्यंत वाहीन. तोंडातून ब्र काढणार नाही."

शब्द त्याने बेधडक दिला. दगडाला पाझर फुटण्यावर पैज लावायला काय जातं?

शोपाँ संपला. टाळ्या पडल्या, शेजाऱ्याकडून उसन्या आणल्यासारख्या. ती उठली नाही. थकल्या बोटांनी तिने बीथोव्हेनची ती छोटी धून धरली, शिकवणीच्या पोराटोरांनाही येते ती. असलं काही मी स्टेजवर वाजवणार नाही, असं ती जन्मभर म्हणत आली होती. निरोपच घेत होती म्हणा ना.

दोन ओळी झाल्या असतील नसतील, अध्यक्ष ताडकन उभे राहिले. मग त्यांची रांग. मग अख्खं सभागृह. पडद्याआड नवऱ्याने डोळेच मिटून घेतले.

तिने वर पाहिलं. हात जागच्या जागी थांबले. उठून तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसायचे म्हणून वाकूनच राहिली. मग धडपडत आत आली.

"अहो, पाहिलंत? एक माणूस बसलेला नव्हता!"

"पाहिलं गं," तो म्हणाला. उशी गेली.

ती कपडे बदलायला गेली आणि तो स्टूल उचलायला स्टेजवर आला. सभागृहात चिटपाखरू नव्हतं. दारावर तिकिटं बघणाऱ्या बाई तेवढ्या धापा टाकत परत येत होत्या, हातात कचऱ्याचा भरलेला डबा.

"सगळे गेले कुठे हो?"

"घरी, डबे आणायला. आमच्याकडे कचऱ्याची गाडी हीच धून वाजवत येते ना! बघते तर काय, गाडीच नाही. सगळे उभे आहेत रस्त्यात, डबे घेऊन."

"अध्यक्षसुद्धा?"

"ते तर सगळ्यांच्या पुढे."

तो मटकन स्टुलावर बसला. आत जाऊन एक वाक्य बोललं की उद्या स्वतःची उशी. एकच वाक्य.

आत बायको गुणगुणत होती. गुणगुणायची ती कधी सोडून बसली होती, तेही त्याला आठवेना. एवढ्यात हाक आली, "अहो, पुढच्या गावाला होकार कळवून टाका बरं का!"

"कळवतो गं!"

कमरेला हात देत तो उठला. दारावरच्या बाईंजवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"बाई, पुढच्या गावातली कचऱ्याची गाडी कोणती धून वाजवते, काही कल्पना?"