चोविसावी फीत

म्हाताऱ्या फिटरचं तीस वर्षं एकच काम: उड्डाणाआधी रॉकेटच्या हवा सुटायच्या छिद्रांवरची टोपणं उपसायची, लाल फितींसकट मोजणीच्या फळीवर टांगायची. काल अगदी वरची, चोविसावी फीत तुटून नुसतीच हातात आली. पक्कड खाली राहिली होती, गुडघे बोंबलत होते. “एक टोपण राहिलं तर आभाळ थोडंच कोसळतंय!” म्हणत त्यानं फीत तशीच टांगली. आज रॉकेटचा खालचा भाग शहाण्या पोरासारखा परतून पायांवर उभा राहिला. वरचा समुद्रावर फुटला. अर्ध्या टाळ्या वाजल्या, अर्ध्या हवेतच राहिल्या. “वेल्डिंगच कच्चं होतं!” साहेबांनी वेल्डरला तडकाफडकी घरी बसवलं. वेल्डर म्हणजे फिटरचा जावई. तो शोधत आला तेव्हा सासरा त्या फितीला कपाटातलं जुनं टोपण बांधत होता. “मामा, खरंच माझं चुकलं असेल?” म्हाताऱ्यानं गाठ करकचून आवळली. “हात बसायला वेळ लागतो, जावईबापू.”