न डोलणारा पूल

फांगानुई नदीवरून मेरेआनाच्या घरी येणारा झुलता पूल असा काही डोलायचा की पाहुण्यांची बोबडीच वळायची! इंजिनिअर झाल्यावर तिने महिनाभर कंपनांची समीकरणं सोडवली, नेमक्या जागी स्प्रिंगा आणि वजनं बसवली आणि पुलाची थरथर पार घालवली.

"आता वर नाचलीस तरी हलायचा नाही, आई!"

आंधळी आई हिरमुसली. "अगं, पुलाच्या तारेला हात लावून, तिच्या थरथरीवरून पाऊल ओळखते मी, अन् इथूनच हाक मारते. दहा वर्षं रुसलेला तुझा तामातीदादा आला, तर कळणार कसं?"

"दार वाजवेल की!"

पुढच्याच आठवड्यात दादाची चिठ्ठी आली. आईला ती मेरेआनानेच वाचून दाखवायची होती.



"आई, रविवारी पुलाच्या मध्यावर बराच वेळ उभा होतो. तू हाक मारली नाहीस. समजलो."