पहिल्या नंबरचा हार

"तार आहे," मी म्हणालो. माझा हात खांद्यापर्यंत चंपीच्या पोटात होता. डाव्या कुशीला भूल दिल्यामुळे गाय उभ्या उभ्याच शांत होती. तिची मालकीण इंदूबाई दावं घट्ट धरून, तिच्या कपाळाला कपाळ टेकवून उभी होती.

तार बाहेर काढून धुतली. वीतभर लांब, आत असताना टोक काळजाच्या दिशेनं रुतलेलं. तिला अजून सोनेरी जर चिकटलेली होती. इंदूबाईनं लगेच ओळखली.

"हा तर दूध संघाचा हार! स्पर्धेत पहिला नंबर आला तेव्हा अध्यक्षांनी स्वतः हिच्या गळ्यात घातला होता. घरी येऊन हिनं तो खाऊन टाकला. आम्ही हसलो होतो हो, डॉक्टर."

मी टाके घालायला घेतले. असली पोटं फाडून फाडून बोलायचाही कंटाळा आला होता.

शेवटचा टाका घालतोय तोवर अध्यक्ष गोठ्यात आले. "आमची नंबरातली गाय वाचवलीत! तुमचा सत्कार नको का?" म्हणत त्यांनी माझ्यापुढे फुलांचा गुच्छ धरला. देठ चकचकीत तारेनं आवळलेले होते.

चंपीनं मान लांब केली. इतके दिवस घासाला तोंड न लावलेली गाय जीभ काढून गुच्छाकडे ओढ घेत होती.

"भूक लागली बघा हिला!" इंदूबाई हसली आणि तिचे डोळे भरून आले. माझ्याआधी तिनंच गुच्छ ओढून घेतला, पाठीमागे लपवला आणि अध्यक्षांना म्हणाली, "साहेब, पाया पडते. पुढल्या वर्षी नंबर दुसऱ्या कुणाला तरी द्या."