आधी पा

“पा म्हणा, अप्पा. आधी पा.”

सिद्धेश्वरीने पाण्याचा पेला वडिलांच्या तोंडासमोर धरला आणि त्यांनी डावा हात पुढे करताच मागे घेतला. एप्रिलातली सोलापूरची दुपार, डोक्यावरचा पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. शिवप्पा मास्तरांच्या ओठांना पापुद्रे सुटले होते.

“नी,” ते म्हणाले.

“णी झालं हो. णी रोजच येतं तुमचं. पा कुठंय? ओठ मिटा. हे असे. पा.”

“नी.”

आता ह्याला काय म्हणायचं? ज्या माणसाने उभा जन्म शाळेत पोरांना मराठी शिकवलं, त्याला अर्धांगाच्या झटक्यानंतर एक ‘पा’ म्हणता येऊ नये. स्पीचवाल्या मॅडमनी सांगितलं होतं, एकदम वाक्यांच्या मागे लागू नका. रोज एकच शब्द घ्या, नाही जमला तर अर्धा. आणि मागितल्याशिवाय काही हातात द्यायचं नाही. सिद्धेश्वरीला ते पटलंच होतं. थेंबे थेंबे तळे साचे, हे तर अप्पांचंच पालुपद.

म्हणून ती रोज बसत होती. सकाळी चहाच्या आधी, दुपारी जेवणाच्या आधी, न चुकता. पहिल्यांदा तोंडातून ‘णी’ फुटला, तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले होते. अर्धा शब्द आला, उरलेला आज ना उद्या येईल. तो काही येईना. आणि काल मॅडम जाता जाता चप्पल घालताना म्हणाल्या, “आता फार आशा ठेवू नका.” आई जाऊन वर्षं झाली, घरात तिसरं माणूस नाही. अप्पा बोलले नाहीत तर ह्या घरात आपल्याला हाक मारणारं कुणी उरणार नाही, हे तिला रात्रभर टोचत राहिलं.

“अप्पा, जीव मेटाकुटीला आलाय माझा. एकदा म्हणा ना. पा.”

“नी,” मास्तर म्हणाले, आणि पेल्याला हिसका दिला. पाणी खाटेवर, चादरीवर, सगळीकडे सांडलं. ओल्या चादरीवर बोटं फिरवून त्यांनी ती ओठांना लावली.

“मुद्दाम करताय तुम्ही,” ती ओरडली. तिचा हात वर गेला. सख्ख्या बापावर. तो तसाच वर राहिला, कारण दारात निंगव्वा आत्या उभी होती.

आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. गुडघ्यांनी धरून ठेवलं होतं म्हणून भावाच्या आजारपणानंतर ती आज पहिल्यांदा अक्कलकोटकडून एसटीने आली होती. उन्हाने तांबडी झालेली. तिने पिशवी खाली ठेवली.

“काय चाललंय गं हे?”

“बोलायला शिकवतेय, आत्या.” सिद्धेश्वरीने हात खाली घेतला. “पाणी म्हणायचंय त्यांना. नुसतं णी म्हणतात. पा म्हणतच नाहीत.”

आत्या खाटेच्या कडेला बसली. “तम्मा,” ती भावाला म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्याची एक बाजू हलली. “नी,” ते म्हणाले, आणि मग जिभेला ओढत, “रु.”

“अगं येडे, ह्यो बराबर मागतोय की. नीरु म्हनतोय. कन्नडात पान्याला नीरु म्हनत्यात. येवडं बी येत न्हाय व्हय तुला?”

नव्हतं येत. अप्पांनीच येऊ दिलं नव्हतं. ह्या घरात मराठीच बोलायची, हा त्यांचा कायदा. आईचं कन्नड चुलीपाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. आपण मराठीच्या मास्तरांची मुलगी, ह्याचा सिद्धेश्वरीला केवढा अभिमान.

म्हणजे ते बोलत होते. इतके महिने रोज पाणीच मागत होते, चांगलं स्वच्छ मागत होते, आणि ती रोज पेला मागे घेत होती. भिंतीला हात लावून ती खाली बसली.

आत्याने माठातून तांब्या भरून आणला. मास्तर प्यायले. मान वर न करता प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. मग बहिणीच्या हाताला धरून हळू आवाजात काहीतरी बोलले. अडखळत, पण एक शब्द नाही, चांगलं वाक्य. बोलताना मधूनच सिद्धेश्वरीकडे बघत होते.

इतकं झालं तरी तिला आनंद झाला. व्हायचाच. “काय म्हणाले? आत्या, काय म्हणाले ते?”

“काय न्हाय.”

“सांगा की.”

आत्याने तांब्या उगाच ह्या हातातून त्या हातात घेतला.

“म्हनतोय,” ती म्हणाली, “अक्का, त्या शाळंतल्या बाईंला सांग, मला मराठी येत न्हाय. मारू नका म्हनावं.”

सिद्धेश्वरी गुडघ्यावर सरकत खाटेपाशी आली. तिला पुढे येताना बघून मास्तरांनी बहिणीचा पदर धरला, तशी ती जिथल्या तिथे थांबली.

“त्यांना विचारा ना, आत्या,” ती म्हणाली. “मी कोण, ते विचारा.”

आत्याने पदराच्या टोकाने भावाची ओली हनुवटी पुसली. विचारलं मात्र नाही.